कोल्हापुरातून न दिसणारा ध्रुवीय प्रकाश वर्गात कसा शिकवावा

पहिल्या वर्षी मी सगळ्यात सोपा मार्ग धरला. प्रोजेक्टर लावला, खिडक्यांना चादरी बांधल्या आणि ध्रुवांजवळच्या आभाळात रात्री दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाचा (ऑरोराचा) आठ मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. हिरवे पडदे आभाळात लहरत होते, मागे बासरी वाजत होती, पोरं ‘लई भारी’ म्हणून टाळ्या पिटत होती. पंधरा दिवसांनी चाचणीत विचारलं, तर निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं होतं : ध्रुवावरच्या बर्फावरून सूर्यप्रकाश परावर्तित होतो, त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. एकाने तर शेजारी हिरवा बर्फ रंगवून दाखवला होता. मुलांना काय बोलणार? मी त्यांना नुसतं बघायला बसवलं होतं.

तेव्हापासून क्रम उलटा केला. व्हिडिओ सगळ्यात शेवटी. सुरुवात एका प्रश्नाने : हा उजेड कोल्हापुरातून का दिसत नाही? आणि इंटरनेट वापरायचं ते डेअरीच्या कार्डासारखं. रोज सकाळी लिटर आणि फॅटची नोंद होते, तशी रोज सूर्याची नोंद. खाली दिलेली पद्धत आठवी-नववीसाठी आहे. सात-आठ तासिका लागतात, आणि त्यानंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी परिपाठात रोजची पाच मिनिटं.

काय काय लागेल

इंटरनेट चालणारा एक मोबाईल, पृथ्वीगोल, दोन पट्टीचुंबक, लोखंडाचा कीस, फूटपट्टी, इलेक्ट्रिशियनचा टेस्टर, आलेखाचा कागद आणि एक जाड वही. प्रोजेक्टर असला तर बरं, नसला तरी काही अडत नाही. लाईट गेली की तोच पहिला बंद पडतो.

पायरी १ : किरणोत्सवापासून सुरू करा

आपल्या मुलांना सूर्यकिरणांचं वेळापत्रक शिकवावं लागत नाही. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या तारखा घरात बोलल्या जातात. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचावेत अशी देवळाची रचना आहे. मुलांना विचारा, वर्षातून दोनदाच का? कॅलेंडर द्या आणि २१-२२ डिसेंबरपासून दोन्ही बाजूंचे दिवस मोजायला लावा. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी, दोन्हीकडे ४१-४२ दिवस निघतात. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो, परतताना पुन्हा त्याच जागी येतो.

आता पुढचा प्रश्न. तारीख ठरलेली असूनही काही वर्षी किरण मुखापर्यंत का पोहोचत नाहीत? ढग, धुरकं, वाटेतली बांधकामं, असं मुलं पटापट सांगतात. म्हणजे काही गोष्टी गणिताने शंभर वर्षं आधी सांगता येतात आणि काहींचा फक्त अंदाज बांधता येतो. ध्रुवीय प्रकाश दुसऱ्या जातीचा. तारीख नाही, अंदाज आहे.

इथे फळ्यावर दोन ओळी लिहा. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. सूर्यापासून सतत वाहणारा सौरवात, म्हणजे विद्युतभारित कणांचा झोत, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने निघतो. अंतर १५ कोटी किलोमीटर. भागाकार मुलांनीच करायचा. उत्तर चार दिवसांच्या थोडं पुढे येतं. हाच झोत कोल्हापूर-पुणे अंतर जवळपास अर्ध्या सेकंदात कापेल, हे सांगितल्यावर एसटीने जाणारी पोरं हसतात, पण आकडा विसरत नाहीत.

पायरी २ : टेस्टरमधला नारिंगी ठिपका

‘बर्फावरून परावर्तन’ हे खूळ इथेच काढायचं. टेस्टर सॉकेटमध्ये घाला (हे शिक्षकानेच करायचं, मुलांच्या हाती टेस्टर द्यायचा नाही). आत नारिंगी ठिपका दिसतो. तिथे तार तापलेली नाही, काही जळतही नाही. आतल्या निऑन वायूला विजेने ऊर्जा दिली आणि त्या वायूने आपला ठरलेला रंग बाहेर टाकला. प्रत्येक वायूचे रंग ठरलेले असतात. वर हवेत प्राणवायू आणि नायट्रोजन आहेत. वरून वेगाने येणारे इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आदळतात आणि ते वायू स्वतः उजळतात. प्राणवायूचा हिरवा ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, तांबडा ६३०.० नॅनोमीटरचा; नायट्रोजनचे निळे-जांभळे आणि खालच्या काठाचे गुलाबी.

उंची समजावताना मी रस्ता उभा करतो. शहरातून उजळाईवाडीचा विमानतळ जितका लांब, साधारण तितक्या उंचीवरून विमानं जातात. हिरवा रंग १०० ते १५० किलोमीटरवर, म्हणजे साताऱ्याच्या आसपास. तांबडा २०० किलोमीटरच्या वर, पुण्याकडे.

मग हुशार मूल विचारतंच, ‘सर, वायू एकच, मग रंग दोन कसे?’ याचं उत्तर मैदानावर द्या. अर्ध्या मैदानात तीस मुलं दाटीवाटीने फिरतील, उरलेल्या अर्ध्यात फक्त दोन. सगळे प्राणवायूचे अणू. ‘हिरव्या’ मुलाने एक अंक मोजून टाळी वाजवायची. ‘तांबड्या’ मुलाने ११० पर्यंत मोजायचं आणि मगच टाळी, पण मध्ये कुणाचा धक्का लागला की बाद. गर्दीतले तांबडे एकामागून एक बाद होतात. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर धक्का न लागता दोन मिनिटं उभं राहून दाखवा म्हणावं! मोकळ्या बाजूचे दोघं मात्र आरामात मोजून टाळी वाजवतात. खरा हिशोबही असाच आहे. ऊर्जा मिळालेला अणू हिरवा प्रकाश सरासरी पाऊण सेकंदात सोडतो, तांबड्यासाठी त्याला जवळजवळ ११० सेकंद लागतात. खालच्या दाट हवेत तेवढी उसंत मिळत नाही, म्हणून तांबडा वरच. हा खेळ मी गेली काही वर्षं घेतोय. वर्गात सगळ्यात टिकून राहणारा भाग हाच.

पायरी ३ : चुंबक आणि मोबाईल

कागदाखाली पट्टीचुंबक, वर कीस. हे सगळ्यांनी केलेलं असतं, त्यामुळे लांबवू नका. फक्त एक गोष्ट दाखवा : रेषा टोकांपाशी कशा आत शिरतात. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की सूर्याचे कण थेट ध्रुवांवर येऊन आदळतात. तसं होत नाही. सौरवाताच्या दाबाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटासारखं लांब ताणलं जातं, ऊर्जा तिथे साठते, आणि सुटताना तिकडून इलेक्ट्रॉनांना वेग मिळून ते रेषांवरून खाली येतात. म्हणून हा उजेड नेमका ध्रुवावर न पडता चुंबकीय ध्रुवाभोवती कड्यासारखा पसरतो. नॉर्वेतलं ट्रॉम्सो, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातलं यलोनाइफ ही गावं या कड्याखाली येतात.

बहुतेक मोबाईलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकमापक असतो. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप तो आकडा दाखवतं. मैदानात जा, कारण लोखंडी बाकाजवळ आकडा काहीच्या बाही येतो. उघड्यावर चाळीसच्या आसपास मायक्रोटेस्ला दिसेल.

इथे मुंबईची गोष्ट सांगायचीच. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोल अभ्यासकाने सूर्यावर लखलखाट पाहिला आणि साडेसतरा तासांत पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. तारयंत्रं बिघडली, ध्रुवीय प्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. त्या वादळाची जगातली सगळ्यात मोलाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. तिथे क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. मुलांना मायक्रोटेस्लात बदलायला लावा : १.६. चाळिसात दीड-पावणेदोन, म्हणजे चार टक्के. एवढ्याशा फरकाने जगभरच्या तारा बिघडल्या, आणि आपल्या मोबाईलचा आकडा हात हलला तरी तेवढा नाचतो. वेधशाळा कशाला लागते, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. (पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवलं.)

पायरी ४ : पृथ्वीगोल, फूटपट्टी आणि सहा मिलिमीटर

आता मूळ प्रश्न. या तासिकेला घाई करू नका, दोन तासिका गेल्या तरी चालतील.

३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्या प्रमाणात २५० किलोमीटर म्हणजे अंदाजे सहा मिलिमीटर. सहा मिलिमीटर जाडीचा खोडरबर कापून घ्या. फूटपट्टी कोल्हापूरवर टेकवा, उत्तरेकडे सरळ धरा. ही आपली क्षितिजाची नजर. पट्टी आणि गोल यांच्यात खोडरबर नेमका कुठे बसतो ते शोधा. चार सेंटिमीटरच्या थोडं पुढे बसतो. तिथला अक्षांश वाचा : ३३ च्या जवळपास.

याचा अर्थ काय? तांबडा उजेड अडीचशे किलोमीटर उंचीवर असेल, तर तो ३३ अंश उत्तरेला डोक्यावर आला तरच आपल्याला क्षितिजाला घासून दिसेल. कोल्हापूर १६.७ अंशावर. मधे सोळा अंश.

ज्यांना पायथागोरस येतो त्यांनी कागदावर पडताळा घ्यायचा. अंतराचा वर्ग म्हणजे दोन गुणिले पृथ्वीची त्रिज्या गुणिले उंची (उंचीचा वर्ग सोडून द्यायचा, तो फार लहान). ६३७१ आणि २५० घातले की सुमारे १७८५ किलोमीटर येतात. एका अंशाला १११ धरले की सोळा अंश. मग हिरव्यासाठी ११० किलोमीटर घालायला लावा. ११८४ किलोमीटर, म्हणजे पावणेअकरा अंशच. लांबून पाहणाऱ्याला फक्त तांबडा का दिसतो, ते इथे आपोआप सुटतं. हिरवा बुटका आहे, तो क्षितिजाखाली आधी बुडतो.

आता लडाखमधलं हानले शोधायला सांगा. अक्षांश पावणेतेहतीसच्या आसपास, म्हणजे आपला खोडरबर बसला तीच जागा. १० मे २०२४ च्या रात्री सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून आलेल्या झोतांमुळे जी-५, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं चुंबकीय वादळ झालं, २००३ नंतरचं पहिलंच. त्या रात्री हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्याने उत्तर क्षितिजावर तांबडी आभा टिपली. हिरवं नव्हतं. मुलं लगेच पट्टी उचलून हानलेवर टेकवतात आणि उजेड खरा कुठे असेल ते मोजायला लागतात. त्यांना मोजू द्या. उंची ४०० किलोमीटर धरली तर किती, हेही कुणीतरी काढतं. वीस अंश येतात.

‘मग आपल्याकडं आभाळात काहीच नसतं व्हय?’ असा खट्टू प्रश्न येतो. असतं. दिवसा उन्हाने फुटलेले प्राणवायूचे रेणू रात्री पुन्हा जुळताना मंद उजेड सोडतात, आणि त्यातही तोच ५५७.७ चा हिरवा आणि ६३०.० चा तांबडा असतो. संशोधक त्याला एअरग्लो म्हणतात. डोळ्याला तो दिसत नाही, संवेदनशील कॅमेऱ्याला दिसतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारातूनच त्याचे वेध घेतलेले आहेत. सागरमाळावरून रोज बसने जाणाऱ्या मुलांना हे ऐकून जरा छाती फुगवावीशी वाटते, आणि तेवढी फुगू द्यावी.

पायरी ५ : रोजची नोंद आणि ‘जैसे थे’ गट

इंटरनेटचं खरं काम इथून सुरू होतं. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं अवकाश हवामान अंदाज केंद्र सगळी मोजमापं मोफत खुली ठेवतं. त्या पानावर शंभर गोष्टी आहेत. आपण चारच घ्यायच्या.

पहिली, सूर्याचं आजचं चित्र आणि डाग. दुसरी, सौरवाताचा वेग. हा वेग पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अलीकडे, सूर्याच्या दिशेला, एल-१ बिंदूजवळ (जिथे यान सूर्य आणि पृथ्वीच्या मधे टिकून राहू शकतं) मोजला जातो. आपलं आदित्य एल-१ हे यान जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. वेग ७०० असेल तर तिथून इथे यायला ३६ मिनिटं, म्हणजे शाळेची एक तासिका. ४०० असेल तर तासाच्या वर. ‘पहिल्या घंटेला यानाला धडकला, दुसऱ्या घंटेला आपल्याला’ असं मुलं म्हणतात.

तिसरी गोष्ट म्हणजे सौरवाताबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, बीझेड. मुलांना फक्त चिन्ह वाचायला शिकवा. अधिक असेल तर दाराची कडी लागलेली, उणे असेल तर निघालेली. वेग कितीही असो, कडी लागलेली असेल तर फारसं काही घडत नाही. चौथी, केपी, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलं त्याचं माप. ० ते ९ असा हा आकडा दर तीन तासांनी निघतो, ५ झाला की वादळ म्हणायचं. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवा. दिवसाचा पहिला आकडा आपल्या सकाळी साडेपाच ते साडेआठचा, म्हणजे अकराच्या परिपाठाला तयार असतो.

आता अंदाज. वर्गाचे गट करा. आम्ही जिल्ह्यातल्या किल्ल्यांची नावं देतो : पन्हाळा, विशाळगड, रांगणा, भुदरगड, पारगड. प्रत्येक गटाने उद्याचा सगळ्यात मोठा केपी किती असेल ते कारणासह लिहायचं. शाईपेनने. खोडायचं नाही. एका गटाला मात्र काही विचार करायला बंदी : त्यांनी रोज ‘उद्या आजच्याइतकाच’ एवढंच लिहायचं. हा ‘जैसे थे’ गट. दर शनिवारी प्रत्येक गटाची चूक मोजा, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक. पहिले दोन-तीन आठवडे ‘जैसे थे’ सगळ्यांना हरवतो आणि वर्गात भांडणं होतात. हवामानखात्यातही नव्या अंदाजाला आधी याच आळशी अंदाजाला हरवून दाखवावं लागतं.

मग हळूच एक चावी द्या. पृथ्वीवरून पाहता सूर्य साधारण २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे वेगाचा झोत सोडणारा भाग पुन्हा समोर येऊ शकतो. केपी वाढलेल्या दिवसापुढे २७ दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा. काही खुणा जुळतात, काही फसतात. ‘नक्षत्रंबी सत्तावीसच की’ असं कुणीतरी म्हणणारच. नक्षत्रांचे सत्तावीस चंद्राच्या फेरीचे, हे सूर्याचे. संख्या सारखी निघाली हा योगायोग. एवढं सांगून पुढे चला, नाहीतर तासिका त्यातच जाते.

पायरी ६ : थेट कॅमेरा, पण कुठला?

बहुतेक शिक्षक नॉर्वेचा कॅमेरा उघडतात आणि काही दिसत नाही म्हणून नाद सोडतात. आपली सकाळची अकराची वेळ म्हणजे तिकडची सकाळचीच साडेसहा, आणि शाळेच्या दुपारी तिकडे झुंजूमुंजू झालेलं किंवा उजाडलेलं असतं. शाळेच्या वेळेत रात्र असते ती कॅनडा आणि अलास्कात. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत हडसन उपसागराकाठच्या चर्चिलमध्ये रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा आपले सकाळचे साडेदहा, यलोनाइफच्या अकराला आपले साडेअकरा, फेअरबँक्सच्या अकराला आपले दुपारचे दीड. तारीख तिकडे आदल्या दिवसाची. चर्चिलचा कॅमेरा ‘एक्सप्लोर’ या संकेतस्थळावर आहे. ट्रॉम्सो घरच्या अभ्यासाला ठेवा : आपल्या रात्री साडेदहाला तिकडे संध्याकाळचे सहा.

‘लाईव्ह’ असं लिहिलेल्या कित्येक चित्रफिती जुन्याच फिरवलेल्या असतात. ओळखायची एक युक्ती. चंद्राची कला जगभर सारखीच असते. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या असेल आणि चित्रात पूर्ण चंद्र असेल, तर ती फीत आजची नाही. हे कळल्यावर मुलं व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘आज रात्री महाराष्ट्रात दिसणार’ अशा निरोपांचीही चिरफाड करतात, तीही पट्टी आणि खोडरबर घेऊन.

आणखी एक सांगून ठेवा. कॅमेरा काही सेकंद उजेड साठवतो, डोळा साठवत नाही. मंद ध्रुवीय प्रकाश डोळ्याला पुष्कळदा पांढुरक्या ढगासारखाच दिसतो.

पायरी ७ : वर्गाचा ब्लॉग

दर आठवड्याला एका गटाने शंभर-सव्वाशे शब्द लिहायचे : काय मोजलं, काय अंदाज होता, किती चुकला, का चुकला असावा. ‘निसर्गाचा अद्भुत चमत्कार’ छापाची वाक्यं मी कापतो; आकडा नसलेला परिच्छेदही परत देतो. नावाच्या जागी किल्ल्याचं नाव, मुलांचे फोटो नाहीत, पालकांची लेखी संमती आधी. प्रतिक्रिया शिक्षकाने वाचल्याशिवाय दिसू नयेत. चित्रं मुलांनी स्वतः काढलेली किंवा आलेख. कुणाचे उचललेले फोटो नकोत. इंटरनेट बंद असेल त्या दिवशी मजकूर सूचनाफळ्यावर लावा. पालकसभेला आलेली मंडळी तिथेच जास्त वाचतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटची तासिका

आता तो व्हिडिओ लावा, आवाज बंद करून. समालोचन मुलांनी करायचं : कुठला रंग वर, कुठला खाली, कॅमेरा कुठल्या अक्षांशावर असेल, खालची गुलाबी किनार कशाची. गेल्या वर्षी मी लावला आणि पारगड गटातल्या एका मुलीने अर्ध्यावर हात वर केला. ‘सर, यात चांदण्या लई पळाल्यात की. खरं किती वेळाचं हाय हे?’ तारे तासाला पंधरा अंश सरकतात एवढं तिला सांगितलं. तिने पडद्यापाशी जाऊन एका ताऱ्यावर खडूने खूण केली, शेजारच्या पोराला घड्याळ धरायला लावलं आणि मला म्हणाली, पहिल्यापासून लावा.